एरंडेलाचा पाव

एरंडेल तेलापासून केलेला एक घट्ट, मधासारखा द्रव कागदी कपात ओतायचा, त्यात दुसरा तपकिरी द्रव टाकायचा आणि जोरात ढवळायचं. थोडा वेळ काहीच होत नाही. मग मिश्रण दुधाळ होतं, कपाच्या काठापर्यंत येतं, काठ ओलांडून वर चढतं आणि टोपीसारखं फुगून तिथेच कडक होतं. हात लावला तर कप गरम लागतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं हे काम करतो आहे. हा कडक फोम शीतगृहांच्या भिंतींत भरतात, दुधाच्या टाक्यांभोवती लावतात. उन्हाला आत येऊ न देणं हे त्याचं काम. बहुतेक ठिकाणी तो खनिज तेलापासून करतात, आमच्याकडे एरंडेलापासून होतो, आणि याचा आमच्या शेठना अभिमान आहे.

माझ्या सासऱ्यांनी असा एक फुगलेला कप पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा नखाने टोकरून पाहिला, वास घेतला आणि विचारलं, “जावई, यो कसला पाव?”

“एरंडेलाचा,” माझ्याऐवजी माझी बायको म्हणाली.

“मंग पोट साफ व्हईल,” ते म्हणाले, आणि बापलेक हसत सुटले.

तेव्हापासून आमच्यात फोमला पाव हेच नाव पडलं. मी त्यांना मामा म्हणतो. मी धसईला गेलो की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला, “काय जावई, पाव फुगतो का?”

बायकोचं माहेर धसईच्या पुढे आहे. एकच मोठी खोली, पुढे ओटी, मागे पडवी आणि गोठा. आधी घरावर कौलं होती. माकडं कौलं फोडतात म्हणून मामांनी पत्रे टाकले आणि दुपारी घरात बसणं अशक्य झालं. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळे मामा एकटेच. उन्हाळ्यात ते दिवसभर आंब्याखाली खाट टाकून असायचे. आमच्या कारखान्यात पॅनेलच्या कडा कापल्यावर फोमच्या फळ्या उरतात. त्या काळी त्या कामगारांना देऊन टाकत. कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावी, कोणी पाण्याच्या टाकीला. माझ्या बायकोने त्या मागून घेतल्या, भाजी कल्याणला पोहोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत टाकल्या आणि एका मे महिन्यात पदर खोचून शिडीवर चढली. मामा खालून फळी द्यायचे, ती वाशांच्या मध्ये बसवायची. “बाबा, ही नको, ती रुंद द्या,” असं दोन दिवस चाललं होतं. मी ओटीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. मला उंचीची भीती वाटते, हे तिने तिथे जमलेल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मला कोणी बोलावलं नाही.

त्यानंतर मामा दुपारी घरात झोपू लागले. गावातले लोक पाहायला येत. वर पिवळसर पांढऱ्या फळ्या, खाली कोपऱ्यात चूल, आणि खाटेवर घोरणारे मामा.

ती भाद्रपदात गेली. दुखणं पोटाचं होतं आणि ते उशिरा कळलं, यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहू शकत नाही. आम्हाला मूल नाही. शहापूरच्या आमच्या घरात आता मी आणि पुस्तकं आहोत. मी पूर्वीही फार बोलत नसे, पण तेव्हा माझ्या न बोलण्याला घरात कोणीतरी हसत होतं. आता शनिवार-रविवारी घरातून बाहेर पडलो नाही तर सोमवारी सकाळी बसमध्ये कंडक्टरने “कुठं?” असं विचारल्यावर “मुरबाड” म्हणताना घसा खाकरावा लागतो. त्याच्या आधीचा माझा शब्द शुक्रवारचा असतो. रविवारी संध्याकाळी आम्ही कधीकधी तानसाच्या बाजूला फिरायला जायचो. तिकडे मी आता जात नाही. वाचतो, पण एक पान वाचून झालं की पुन्हा तेच पान वाचतो.

दिवाळीनंतर शेठनी मला बोलावलं. एका ग्राहकाला आमचाच एरंडेलाचा फोम हवा होता, पण सहज पेट न घेणारा. तोवर माझं काम फोमचं वजन, ताकद आणि उष्णता अडवण्याची क्षमता तपासण्याचं होतं. आगीच्या चाचण्या आमच्याकडे होतच नसत. माझ्याकडे काम कमी आहे असं शेठना वाटलं असेल, किंवा मला कामाची गरज आहे हे त्यांच्या लक्षात आलं असेल. “तुम्ही वाचणारे आहात. वाचा आणि करा,” एवढंच ते म्हणाले.

पहिल्या दिवशी मी नेहमीच्या फोमची एक पट्टी कापली, धूर ओढणाऱ्या कपाटात चिमट्यात आडवी धरली आणि टोकाला ज्योत लावली. मला वाटलं होतं, लाकडासारखी हळूहळू जळत जाईल. तसं झालं नाही. ज्योत पट्टीच्या पृष्ठभागावरून धावली. मी हात मागे घेईपर्यंत ती दुसऱ्या टोकाला पोहोचली होती. मागे काळा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर राहिला. फोममध्ये जागा असते ती बहुतेक पोकळीचीच. लहान लहान बंद घरं आणि त्यांच्या अतिशय पातळ भिंती. जळायला फारसं काही नसतं, म्हणूनच इतकं झटकन जळतं. मूळ तेल झाडाचं असल्याने यात काही फरक पडत नाही. आमच्याकडे मात्र सगळ्यांचा समज असा, की एरंडेल म्हणजे घरचं औषध, त्याच्यापासून काय अपाय होणार? माझ्या बायकोचा तोच समज होता. माझाही, मनातल्या मनात, त्याहून वेगळा नव्हता.

कपाटाची काच खाली ओढून मी तसाच उभा राहिलो. मला मामांचं छप्पर दिसत होतं. खाली चूल, वर त्या फळ्या. खोलीला दार एकच.

त्या रविवारी मी धसईला गेलो. मामा ओटीवर दोरी वळत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, जितकं सोपं करून सांगता येईल तितकं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

“म्हंजे पाव जळतो,” ते म्हणाले.

“फार लवकर जळतो, मामा. आणि धूर वाईट. पुढच्या रविवारी मी दोन माणसं आणतो, फळ्या काढून टाकू.”

“नाय.”

“मामा...”

“वरीस सरूं द्या. वरसाच्या आत घराच्या छपराला हात लावाचा नाय. आमची रीत हाय.”

ती रीत मला माहीत होती. घरातलं माणूस गेलं की त्या घरात वर्षभर भिंत पाडत नाहीत, छप्पर उघडत नाहीत. पण दिलेली लेक त्या हिशेबात येत नाही. लग्न झालेल्या मुलीचं सुतक आईबापाला तीन दिवसांचं. वर्ष पाळायचं ते माझ्या घरी, शहापूरला. मी हे मामांना हळूच म्हणालो. म्हणालो की तुमच्याकडचं तर केव्हाच फिटलं.

मामांनी दोरी खाली ठेवली. “तीन दिस त्ये सुतकाचं. छप्पर माजं हाय,” ते म्हणाले.

खरं तर असा फोम कधी उघडा ठेवूच नये, त्यावर प्लास्टर किंवा सिमेंटच्या शीटचं आवरण हवं. पण आवरण घालायचं तरी छपराला हात लावणं आलंच. मी त्यांना शहापूरला चला म्हणालो. त्यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. गाय आणि दोन बैल. मग आम्ही चहा प्यायलो. तो त्याच चुलीवर केलेला होता, आणि तो उकळेपर्यंत मी वर बघत होतो. मामा माझ्याकडे बघत होते.

“इतकं भ्याचं काय त्यात?” ते म्हणाले. “बरं, चूल भाईर नेतो. चुलीला हात लावू नको असं कोन नाय म्हनलंय.”

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा चूल परसात होती. वर चार खांबांवर गवताचं छत. घरात चूल होती तिथे काळा चौकोन उरला होता आणि तो त्यांनी शेणाने सारवून घेतला होता. त्यांच्याकडे गॅस होता, पण भाकरी गॅसवर रबरासारखी होते असं त्यांचं मत. थंडीत, उघड्यावर, कानाला मफलर बांधून ते भाकरी थापत होते. मला पाहून म्हणाले, “तुमच्या पावापायी आमची भाकर घराभाईर गेली, जावई.”

प्रयोगशाळेत मी कामाला लागलो. सांगायला फार गमतीचं नाही, पण तेव्हा माझ्या दिवसांत दुसरं काही नव्हतं. आधी फॉस्फरस असलेला एक द्रव मिसळून पाहिला. ज्योत मंदावली, पण फोम मऊ पडला आणि आठवड्याभरात फळीचे कोपरे आत ओढले गेले, जसा पापड वाळताना वाकतो. क्लोरीन-ब्रोमीनची जुनी रसायनं टाकली तर आग चांगली अडते, पण धुराची मला भीती होती. बंद खोलीत माणूस आगीच्या आधी धुराने पडतो. मग मी फुगणाऱ्या ग्राफाइटकडे वळलो. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. त्याची एक जात अशी असते, की ताप लागला की तिचे चकचकीत कण फुगून गांडुळांसारखे लांब होतात. फोमच्या पृष्ठभागावर अशी काळी गांडुळं एकमेकांत गुंतून जाडसर आवरण करतात आणि आतल्या फोमपर्यंत आच उशिरा पोहोचते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तीच पट्टी पुन्हा पुन्हा पेटवत राहिलो. ज्योत यायची, कण फुगायचे, ज्योत मरायची. हे घरी जाऊन कोणाला सांगावं, असं संध्याकाळी बसमध्ये वाटलं. किन्हवलीपर्यंत मी मनात वाक्यंही जुळवली होती. मग आठवलं.

पण ग्राफाइटच्या खोडी निघाल्या. ते आवरण भुसभुशीत होतं, वारा लागला की उडायचं. कण जड असल्यामुळे बादलीच्या तळाशी बसायचे, म्हणून एकाच मिश्रणातली खालची फळी आगीत टिकायची आणि वरची आधीसारखीच भडकायची. मी ते कुटून बारीक केले, तर ते फुगेनासे झाले. भरड ठेवले, तर मशीनचं तोंड तुंबायचं. मशीन चालवणारे गृहस्थ मुरबाडच्याच बाजूचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे, आणि त्यांना माझा वैताग आला होता.

“साहेब, आमच्या मशीनला काजळ घालताय का?” त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं. “दृष्ट लागली म्हणून?”

“थोडं अजून पातळ करून देतो.”

“ते द्या. पण तोंड उघडून साफ तुम्ही करायचं. माझ्या बायकोने काल विचारलं, कोळशाच्या खाणीत लागलात का?”

मी बाजूला बसून दोन तास तोंड साफ केलं. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि जाताना म्हणाले, “कशासाठी एवढं? कस्टमर नाही म्हणाला तर शेठ गुंडाळून ठेवतील.” मी त्यांना छपराची गोष्ट सांगितली नाही. सांगायला हवी होती असं नंतर वाटलं. त्यांचा स्वभाव बरा होता.

शेवटी थोडा फॉस्फरस आणि भरड ग्राफाइट एकत्र टाकल्यावर ते काळं आवरण चिकटून राहू लागलं. मशीन मात्र ते घेईना. मग मी हाताने ढवळून लाकडी साच्यात ओतू लागलो. करड्या, राखेच्या रंगाच्या फळ्या निघायच्या. आगीची वेळ मोजताना एक गोष्ट मला पक्की कळली होती. न जळणारा फोम असा काही प्रकार नाही. आग येतेच, फक्त उशिरा पोहोचते. त्या उशिरात मामा झोपेतून उठून, खाटेखालच्या चपला शोधून दारापर्यंत येऊ शकतील का, हा माझा प्रश्न होता. चपला न घालता ते बाहेर येणार नाहीत याची मला खात्री होती. म्हणून मी हिशेबात चपलांचाही वेळ धरला.

होळी झाली आणि राबाचे दिवस आले. आमच्या भागात भाताचं रोप जिथे करायचं ती जमीन आधी भाजतात. शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, गळलेल्या पानांचा पातेरा आणि गवत यांचे थर पसरायचे, वर बारीक माती टाकायची आणि वाऱ्याची दिशा बघून पेटवायचं. याला राब म्हणतात. माझे वडील शहापूरला कचेरीत कारकून होते, त्यामुळे राब मी लांबूनच पाहिले होते, बसच्या खिडकीतून, संध्याकाळी शेतांवर तरंगणारा निळा धूर. मामांचा राब घराच्या मागच्या भातखाचरात असायचा, गोठ्याला लागून. शेण वाहायला जवळ, आणि नंतर रोपांवर लक्ष राहतं. तिथून ठिणगी उडाली तर पडवीच्या कडेला फळ्यांची टोकं बाहेर आलेली. उन्हाने ती टोकं तपकिरी होऊन भुरभुरू लागली होती.

राब भाजायचा दिवस मी विचारून ठेवला होता. सकाळच्या पहिल्या गाडीने गेलो, आणि मुरबाडला उतरून दोन मोठ्या बादल्या आणि प्लास्टिकची नळी विकत घेतली. मामा मागच्या खाचरात उभे होते. राब रचून तयार होता. त्यांनी माझ्या हातातल्या बादल्या पाहिल्या.

“बंब घेऊन आलाव?”

“मी फक्त कडेला उभा राहतो, मामा. नळी जोडून ठेवतो.”

“नळाला पानी येतंय का ह्या टायमाला?”

नव्हतं येत. मी विहिरीवरून बादल्या भरून आणल्या, पडवीजवळ ठेवल्या आणि उभा राहिलो. मामांनी काडेपेटी काढली, राबाकडे बघितलं, घराकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. काडेपेटी परत बंडीच्या खिशात गेली. त्यांनी वाकून वरची फांदी उचलली.

“चला,” ते म्हणाले. “खालच्या खाचरात न्या. वढ्याकडं.”

“सगळं?”

“मंग अर्धा पाव जळंल आन् अर्धा ऱ्हाईल का?”

रचलेला राब उचलून दुसरीकडे नेणारा शेतकरी कोणी पाहिला नसेल. बांधावरून जाणारी एक बाई थांबून विचारून गेली, “मामा, राब पळून चाललाय का वो तुमचा?” मामा म्हणाले, “जावयाला जागा पसंत नाय पडली त्याची.” शेणाच्या पाट्या, फांद्यांचे भारे, पातेऱ्याची पोती, सगळं आम्ही दोघांनी वाहिलं. मध्ये दोन बांध होते. माझ्या हातांना फोड आले. मामा एक भारा टाकून पुढच्या भाऱ्याला जाताना प्रत्येक वेळी कमरेवर हात ठेवून थांबत, आणि मी तिकडे पाहत नाही असं दाखवत असे. ऊन चढलं तेव्हा लांब सिद्धगडाकडचे डोंगर धुरकट झाले होते. तिकडेही कुठे कुठे राब पेटले होते.

राब नव्या जागी पसरून पेटवला आणि धूर निघू लागला. मातीखालून तो सावकाश पुढे सरकत होता. आम्ही वाऱ्याच्या अलीकडे बसलो. मी पिशवीतून नव्या फोमची एक पट्टी काढली. ती दाखवायचं माझ्या मनात होतंच. मामा उठले, घराकडे गेले आणि पडवीच्या कडेचा आपोआप गळून पडलेला एक तुकडा घेऊन आले. तो त्यांनी उचलून जपून ठेवला होता असं दिसलं, कारण त्यावर माती नव्हती.

“यो पन लावा,” ते म्हणाले.

“राहू द्या मामा. मला माहीत आहे काय होतं ते.”

“मला बगाचं हाय.”

मी त्यांना मागे सरकायला सांगितलं आणि तो लहानसा तुकडा चिमट्यात धरून निखाऱ्याजवळ नेला. तो टेकायच्या आतच पेटला. मामांची बोटं धोतराच्या काठाला घट्ट धरून होती. क्षणभर ज्वाळा, मग काळा धूर, मग चिमट्यात काहीच नाही. मग करडी पट्टी धरली. ती काळी पडली, फुगली, गांडुळं वर आली, ज्योत तिच्या कडेला चाटून गेली आणि विझली. मी ती दगडावर ठेवली आणि निवल्यावर मोडून दाखवली. आत फोम तसाच होता.

मामांनी ती मोडलेली पट्टी हातात घेतली नाही.

“तिला कळतं तर तिनं लावला नसता,” ते म्हणाले.

“नसताच लावला.”

“मला थंड वाटावं म्हनून लावला.”

“हो, मामा.”

“वरीस सरलं का काढू.”

त्या दिवशी बसमध्ये माझ्या कपड्यांना धुराचा वास येत होता. शेजारचा माणूस सरकून बसला.

पावसाळ्यात परसातली चूल बंद पडली आणि मामा भाकरी गॅसवर करू लागले. गॅसची शेगडी त्यांनी ओटीवर दाराशी ठेवली होती, मी न सांगता. जून संपता संपता शेठनी मला बोलावून सांगितलं की ग्राहकाने फोमऐवजी दुसरीकडून न पेटणारी खनिज लोकर घेतली, आता हे काम थांबवा. शिवाय ग्राफाइटमुळे फोम उष्णता थोडी जास्त जाऊ देतो. फरक अगदी थोडा, पण शीतगृहवाल्यांना चालत नाही. मी हो म्हणालो. मग विचारलं, की साच्यात ओतलेल्या नमुन्याच्या फळ्या मी घरी नेल्या तर चालेल का? आणि उरलेल्या मालात अजून काही ओतल्या तर? ते म्हणाले, “त्या काळ्या फळ्या? न्या की. मशीनवाले पेढे वाटतील.” त्यानंतर महिनाभर मी काम संपल्यावर थांबून हाताने फळ्या ओतत होतो. मशीनवाल्या गृहस्थांनी एकदा काही न विचारता साचा धरला. तेव्हा त्यांना मी छपराची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “आधी सांगायचं ना, साहेब.” मग साचा सोडून गेलेच नाहीत.

वर्षश्राद्ध शहापूरला झालं. मामा आले, जेवले आणि गुरांसाठी लगेच परतले. नंतरच्या रविवारी मी करड्या फळ्या आणि सिमेंटच्या पातळ शीट टेम्पोत घालून धसईला गेलो. गावातून एक सुतार मदतीला घेतला. शिडीवर मात्र पहिला मी चढलो, कारण मामांचे गुडघे आणि माझी भीती यांत मला माझी भीती बरी वाटली. वाशांच्या मध्ये बसवलेल्या फळ्या मी एकेक सोडवू लागलो. ज्या बाजूला उजेड लागला नव्हता ती अजून सायीसारखी पांढरी होती. वाशाला गाठ होती तिथे तिने फळीला बरोबर त्या गाठीएवढी खाच पाडली होती. कापलेल्या कडेवर सुरीच्या दातांच्या खुणा दिसत होत्या. ही तिची कारागिरी मी कधी जवळून पाहिली नव्हती. मी एकेक फळी खाली द्यायचो, मामा घ्यायचे आणि अंगणात नेऊन ठेवायचे. टाकत नव्हते. एकावर एक, कडा जुळवून ठेवत होते.

सगळ्या टेम्पोत चढल्यावर त्यांनी विचारलं, “ह्यांचं काय करता?”

“कारखान्यात नेतो. तिथून भंगारवाले दळायला नेतात.”

“जाळत नाय?”

“नाही, मामा. जाळत नाही.”

“बरं,” ते म्हणाले.

नव्या फळ्या आणि त्यांच्याखाली सिमेंटच्या शीट दुपार कलेपर्यंत लागल्या. खोली आता करडी, जरा अंधारी दिसत होती. सुतार गेला. मी हात धुतले, तेव्हा एकदम लक्षात आलं की माझं इथलं काम संपलं. जवळजवळ वर्षभर दर रविवारी मी या छपरासाठी आलो होतो. चूल, राब, गॅस, फळ्यांची मापं, प्रत्येक खेपेला काहीतरी कारण असे. बायको गेल्यावर जावई कोणाचा असतो, हे मला नीट माहीत नव्हतं, आणि कोणाला विचारावं तेही. पुढच्या रविवारी मी शहापूरला घरीच असेन असं मी धरून चाललो.

मामा आत खाटेवर आडवे झाले होते. ऑक्टोबरचं ऊन होतं, बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते. मी निघतो म्हणून सांगायला दारात उभा राहिलो.

“जावई,” ते वर बघत म्हणाले, “गरम व्हतंय.”

“गरम?”

“तिच्या वेळंला थंड व्हतं. ह्यो जरा गरम हाय.”

तो फरक किती आहे हे मी स्वतः मोजलेलं होतं. माणसाच्या अंगाला कळेल असा तो नाही. शिवाय खाली शीट लावल्यामुळे उलट थोडं थंडच व्हायला हवं. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं. मी दारातच थांबलो, वर पाहिलं, मग आत जाऊन खाटेशेजारी जमिनीवर बसलो.

“हो,” मी म्हणालो. “थोडं गरम होतंय.”

“मंग? असंच ठेवनार?”

“बघावं लागेल.”

“पुढच्या आयतवारी येऊन बगा,” मामा म्हणाले आणि कुशीवर वळले. “सकाळच्या गाडीनं या. दुपारी कसं ऱ्हातंय ते हितं निजून बगाया पायजे.”